आक्रमण की बचाव? – फुटबॉलमधील व्यूहरचनेचे गणित

शाळेचा फुटबॉल संघ निवडताना बहुतेक ठिकाणी एकच पद्धत वापरली जाते. जो जोरात पळतो आणि ज्याला गोल मारण्याची हौस आहे, तो पुढे. जो अंगाने दणकट, तो मागे. आणि ज्याची कोठेच सोय लागत नाही, त्याला गोलमध्ये उभे करायचे! सामना सुरू झाला, की पाच मिनिटांत ही वाटणीही मोडते आणि गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसे सगळे खेळाडू चेंडूभोवती गोळा होतात. सामना हरल्यावर वाद सुरू होतो. एक म्हणतो, ‘पुढे माणसे कमी पडली, म्हणून गोल झाले नाहीत.’ दुसरा म्हणतो, ‘मागे माणसे कमी पडली, म्हणून गोल झाले.’ दोघांचेही म्हणणे ऐकले, तर संघात अकराऐवजी पंधरा खेळाडू घ्यावे लागतील!

खेळाडू अकराच आहेत. त्यांतला एक गोलरक्षक. उरलेल्या दहांची वाटणी कशी करायची, हा खरा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न केवळ मतांवर सोडून देण्याचे कारण नाही. मैदानाला लांबी-रुंदी आहे, चेंडूला आणि खेळाडूला वेग आहे, गोलला मापे आहेत. तेव्हा शाळेत शिकलेले क्षेत्रफळ, वेग, कोन आणि थोडी संभाव्यता एवढ्या शिदोरीवर या प्रश्नाचा बराच उलगडा करता येतो. तो कसा, ते आपण पाहू.

आकड्यांची भाषा

फुटबॉलची व्यूहरचना आकड्यांत लिहिण्याची रीत आहे. २-३-५ असे लिहिले, की समजावे : मागे दोन बचावपटू, मधल्या फळीत तीन, आघाडीला पाच. गोलरक्षक धरलेला नसतो, म्हणून आकड्यांची बेरीज नेहमी दहा येते. ४-२-४, ४-३-३, ४-४-२ यांची बेरीज करून पाहा.

या आकड्यांकडे पाहून कोणालाही वाटेल, की शेवटचा आकडा मोठा असेल तर रचना आक्रमक आणि पहिला मोठा असेल तर बचावात्मक. हे अनुमान कितपत खरे आहे, हे इतिहासालाच विचारू.

तेरा-चौदा आघाडीवीर आणि शून्य गोल

दोन देशांमधला पहिला अधिकृत फुटबॉल सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. इंग्लंडने आघाडीला सात-आठ खेळाडू ठेवले होते, स्कॉटलंडने सहा. म्हणजे मैदानावरच्या वीस खेळाडूंपैकी तेरा-चौदा जण गोल करण्यासाठीच उभे होते. वरच्या अनुमानाप्रमाणे त्या दिवशी गोलांचा पाऊस पडायला हवा होता. प्रत्यक्षात एकही गोल झाला नाही! सामना ०-० असा बरोबरीत सुटला.

असे का व्हावे? त्या काळी इंग्लंडचे खेळाडू चेंडू पायाशी घेऊन एकट्यानेच पुढे घुसत. बाकीचे त्याच्या आसपास धावत. म्हणजे आघाडीला आठ जण असले, तरी कोणत्याही क्षणी आक्रमण करणारा एकच! स्कॉटलंडचे खेळाडू चेंडू एकमेकांना देत खेळले आणि पुढे सर्वांनी हीच रीत उचलली. चेंडू देता-घेता यायचा तर मागे-पुढे माणसे हवीत. त्यातून १८८० च्या दशकात २-३-५ ही रचना रूढ झाली. वरून पाहिले तर ती उलट्या ठेवलेल्या पिरॅमिडसारखी दिसते.

येथे त्रिकोणाचे महत्त्व ध्यानात घ्या. तीन मित्र एका सरळ रेषेत उभे राहिले, तर कडेच्याला जवळचा साथीदार एकच. मध्ये एक प्रतिस्पर्धी आला, की वाट बंद. तेच तिघे त्रिकोणात उभे राहिले, तर चेंडू ज्याच्याकडे असेल त्याला दोन वाटा असतात आणि एका प्रतिस्पर्ध्याला त्यांपैकी एकच अडवता येते. व्यूहरचना म्हणजे असे जास्तीत जास्त त्रिकोण मैदानावर तयार करण्याची युक्ती, असे म्हटले तरी चालेल.

एक नियम बदलला आणि…

२-३-५ ही रचना चाळीस-पन्नास वर्षे टिकली. तिला धक्का दिला तो कोणा प्रशिक्षकाने नव्हे, तर नियमपुस्तकातल्या एका आकड्याने.

ऑफसाइडचा नियम तुम्हांला ठाऊक असेल. चेंडू पुढे टाकला जातो त्या क्षणी, पुढच्या अर्ध्या मैदानात आणि चेंडूच्याही पुढे असलेल्या खेळाडूपुढे प्रतिपक्षाचे निदान ठराविक खेळाडू असावे लागतात. १८६६ पासून हा आकडा तीन होता. १९२५ साली तो दोन करण्यात आला.

तीनावरून दोन, म्हणजे फरक एकाचाच. पण त्याचा परिणाम पाहा. पूर्वी दोन बचावपटूंपैकी एकाने पुढे सरकायचे आणि दुसऱ्याने मागे राहायचे, एवढ्याने प्रतिपक्षाचे सगळे आघाडीवीर ऑफसाइड होत. डाव फसला तरी मागे एक बचावपटू आणि गोलरक्षक असतच. नव्या नियमात पुढे सरकण्याचा डाव फसला, तर मागे केवळ गोलरक्षक! धोका एकदम वाढला.

इंग्लिश लीगच्या चार विभागांत त्या काळी हंगामाला १८४८ सामने होत. १९२४-२५ च्या हंगामात त्यांत सुमारे ४७०० गोल झाले होते, म्हणजे सामन्यामागे सुमारे २.५. नियम बदलल्यानंतर १९२५-२६ मध्ये ते ६३७३ झाले, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ ३.४५. खेळाडू तेच, मैदाने तीच, चेंडूही तोच!

अर्थातच बचावाने उत्तर शोधले. लंडनच्या आर्सेनल संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या फळीच्या मध्यभागी असलेल्या खेळाडूला मागे ओढून तिसरा बचावपटू केला आणि आघाडीच्या पाचांपैकी दोघांना थोडे मागे आणले. रचना झाली ३-२-२-३. इंग्रजी ‘डब्ल्यू’ व ‘एम’ ही अक्षरे एकाखाली एक ठेवल्यासारखी ती दिसते, म्हणून तिला ‘डब्ल्यू-एम’ म्हणत. पूर्वी मैदानावर तीन फळ्या होत्या, आता चार झाल्या. त्रिकोण वाढले आणि बचावही भक्कम झाला. १९३० साली आर्सेनलने इंग्लंडचा एफ.ए. चषक जिंकला आणि १९३१ मध्ये लीगचे विजेतेपद मिळवले.

जागा किती आणि वेळ किती?

आता थोडे गणित करू. आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मैदान बहुधा १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. क्षेत्रफळ झाले ७१४० चौ. मीटर. दहा खेळाडूंनी हे सगळे मैदान राखायचे ठरवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७१४ चौ. मीटर येतात. हा भाग चौरस मानला, तर त्याची बाजू सुमारे २६.७ मीटर. खेळाडू चौरसाच्या मध्यावर उभा आहे आणि चेंडू कडेपाशी आला, तर त्याला १३.३५ मीटर धावावे लागेल. सेकंदाला ७ मीटर हा वेग धरला, तर वेळ लागेल १.९ सेकंद. एवढ्या वेळात कसलेला खेळाडू चेंडू अडवतो, मान वर करून पाहतो आणि हव्या त्या साथीदाराकडे पोहोचवतो.

आता याच दहांनी सगळे मैदान राखण्याचा नाद सोडला आणि ३५ मीटर लांबीच्या पट्ट्यात ते दाटीने उभे राहिले असे समजा. क्षेत्रफळ ३५ × ६८ = २३८० चौ. मीटर. प्रत्येकाच्या वाट्याला २३८ चौ. मीटर, चौरसाची बाजू सुमारे १५.४ मीटर. कडेपर्यंतचे अंतर ७.७ मीटर आणि वेळ १.१ सेकंद. म्हणजे प्रतिपक्षाच्या खेळाडूला मिळणारा वेळ जवळजवळ निम्मा झाला!

जागा कमी केली, की वेळ कमी होतो. भांड्यातल्या वायूचे आकारमान कमी केले, की त्याचे रेणू भांड्याच्या भिंतींवर अधिक वेळा आदळतात, तसेच काहीसे हे आहे. मात्र रेणू विचार करीत नाहीत, खेळाडू करतात, एवढा फरक विसरू नये.

बचावाचा हा पाया आहे : मैदान आखडणे. आक्रमणाचा पाया नेमका उलट : मैदान पसरणे. म्हणूनच चेंडू हाती आला, की चांगल्या संघाचे कडेचे खेळाडू अगदी रेषेजवळ जाऊन उभे राहतात. ते स्वतः चेंडूला शिवले नाहीत तरी प्रतिपक्षाला आपल्यापर्यंत ताणून धरतात.

गोलचा कोन

गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. पण मारणाऱ्याला तो किती ‘दिसतो’, हे अंतरावर अवलंबून आहे. पेनल्टीचा ठिपका गोलपासून ११ मीटरवर असतो. तेथून दोन खांबांकडे रेषा काढल्या, तर त्यांमधील कोन सुमारे ३७ अंशांचा येतो. (अर्ध्या कोनाचा टॅन्जंट ३.६६ भागिले ११. दहावीच्या विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावे.) अंतर दुप्पट म्हणजे २२ मीटर केले, की कोन सुमारे १९ अंश. तिप्पट म्हणजे ३३ मीटर केले, तर १३ अंशांच्या आत.

वेळेचेही असेच. चेंडू सेकंदाला २५ मीटर वेगाने मारला आणि हवेचा विरोध तूर्त सोडून दिला, तर ११ मीटरला ०.४४ सेकंद लागतात आणि २२ मीटरला ०.८८ सेकंद. गोलरक्षकाला दुप्पट वेळ मिळाला आणि राखायचा कोन निम्मा झाला!

कडेने आलेल्या खेळाडूची स्थिती तर आणखी अवघड. तो गोलरेषेपासून ११ मीटरवरच आहे, पण गोलच्या मध्यापासून २० मीटर बाजूला आहे असे समजा. त्याला गोलचा कोन जेमतेम ९ अंश मिळतो. यावरून बचावाचे धोरण सांगता येते : प्रतिपक्षाला दूर ठेवा आणि मध्यातून कडेला ढकला. त्याच्याकडे चेंडू असला, तरी कोन नसला की पुष्कळ निभावते. बचाव करणारा संघ गोलसमोरच्या मध्यभागात दाटी करतो आणि कडा मोकळ्या सोडतो, त्यात भित्रेपणा नसून भूमिती आहे.

नऊ नंबरचा कोठे गेला?

२५ नोव्हेंबर १९५३. लंडनचे वेम्बली मैदान. इंग्लंडविरुद्ध हंगेरी. युरोप खंडावरील एकाही देशाच्या संघाने तोपर्यंत इंग्लंडला त्याच्या घरी हरवले नव्हते. इंग्लंडची रचना तीच जुनी, डब्ल्यू-एम. तिच्यात प्रत्येकाचे काम ठरलेले. पाच क्रमांकाच्या मधल्या बचावपटूने समोरच्या नऊ क्रमांकाच्या खेळाडूला, म्हणजे आघाडीच्या मध्यावरच्या वीराला, सोडायचे नाही.

पण हंगेरीचा नऊ क्रमांकाचा खेळाडू हिदेगकुटी आघाडीला उभाच राहिला नाही! तो मागे, मधल्या फळीत जाऊन खेळू लागला. आता इंग्लंडच्या बचावपटूने काय करावे? त्याच्यामागे गेला, तर गोलसमोर भगदाड पडते आणि त्यातून पुश्कास व कोचिश हे दोघे घुसतात. जागेवर राहिला, तर हिदेगकुटी मोकळा सुटतो. दोन्ही उत्तरे चुकीची! हंगेरीने सामना ६-३ असा जिंकला, त्यांतले तीन गोल एकट्या हिदेगकुटीचे होते. पुढच्या वर्षी बुडापेस्टमध्ये हंगेरीने इंग्लंडला ७-१ असे हरवले.

या सामन्यातून दोन गोष्टी शिकता येतात. आघाडीचा एक माणूस कमी केल्याने आक्रमण वाढू शकते, ही पहिली. आणि माणूस राखायचा की जागा राखायची, हे बचावाने आधी ठरवायला हवे, ही दुसरी.

सहा अधिक सहा बरोबर दहा?

१९५८ साली स्वीडनमध्ये झालेली विश्वचषक स्पर्धा ब्राझीलने जिंकली. अंतिम सामन्यात स्वीडनचा ५-२ असा पराभव झाला. ब्राझीलची रचना होती ४-२-४. चार आघाडीवीर म्हटल्यावर सगळ्यांचे लक्ष तिकडेच गेले. पण पहिला आकडाही चारच आहे, हे पाहा. या ‘आक्रमक’ ब्राझीलवर पहिल्या चार सामन्यांत एकही गोल झाला नव्हता!

या रचनेची गंमत बेरजेत आहे. चेंडू आपल्याकडे असताना पुढचे चार आणि मधले दोन मिळून सहा जण आक्रमण करतात. चेंडू गेला, की मागचे चार आणि तेच मधले दोन मिळून सहा जण बचाव करतात. सहा आणि सहा बारा. पण खेळाडू तर दहाच! दोन कोठून आले? मधले दोघे दोनदा मोजले गेले. ते धावून धावून दोन्हीकडे हजर राहतात. म्हणजे हे जादा दोन खेळाडू आकाशातून पडत नाहीत, ते फुप्फुसांतून आणि पायांतून काढावे लागतात. ऊर्जा फुकट मिळत नाही, हा नियम मैदानावरही आहेच.

दोघांवर हा भार फार पडतो. म्हणून ब्राझीलच्या आघाडीचा डाव्या कडेचा खेळाडू झगालो वेळोवेळी मागे येऊन मधल्या फळीला हात देई. तो मागे आला, की ४-२-४ ची ४-३-३ होई. पुढे १९६२ च्या स्पर्धेत ब्राझीलने हीच वाट धरली आणि पुन्हा चषक जिंकला. तात्पर्य, कागदावरचे आकडे म्हणजे सुरुवातीचे छायाचित्र. खेळ म्हणजे चलत्‌चित्र.

दाराला कडी, आणि उघडे दार

१९६० च्या दशकात इटलीत बचावाचे एक वेगळेच शास्त्र बहरले. त्याला ‘कातेनाच्यो’, म्हणजे दाराची कडी, असे नाव होते. मिलान शहरातील इंटर या संघाचे प्रशिक्षक हेलेनियो हेरेरा यांनी ते नावारूपाला आणले. चार बचावपटूंनी समोरचे आघाडीवीर वाटून घ्यायचे आणि त्यांच्याही मागे एक मोकळा खेळाडू ठेवायचा. निसटलेला प्रत्येक चेंडू त्याने झाडून काढायचा. इंटरने १९६४ व १९६५ अशी दोन वर्षे लागोपाठ युरोपीय चषक जिंकला.

ही रचना निव्वळ बचावाची होती काय? तसे म्हणता येणार नाही. इंटर मागे दाटी करी, तेव्हा प्रतिपक्ष पुढे येई आणि त्याच्या पाठीमागे ६० मीटर मैदान मोकळे पडे. आता हिशेब करा. सेकंदाला २० मीटर वेगाने मारलेला चेंडू ६० मीटर अंतर ३ सेकंदांत कापतो (वाटेत तो थोडा मंदावतो, ते सोडून देऊ). सेकंदाला ७ मीटर धावणाऱ्या बचावपटूला तेवढेच अंतर मागे जायला साडेआठ सेकंद लागतात. या साडेपाच सेकंदांच्या फरकावर इंटरचे प्रतिआक्रमण उभे होते. शिवाय त्यांचा डावा बचावपटू फाकेत्ती संधी मिळताच थेट पुढे धावून गोल करी.

पण कडी कायम लावून बसण्यातही धोका असतो. २५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये झालेल्या युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात इंटरने सातव्याच मिनिटाला पेनल्टीवर गोल केला आणि मग दार लावून घेतले. स्कॉटलंडच्या सेल्टिक संघाने दार ठोठावणे थांबवले नाही. दुसऱ्या अर्धात त्यांनी दोन गोल केले आणि २-१ असा विजय मिळवला. पहिला गोल करणारा जेमेल हा सेल्टिकचा बचावपटू होता, हे विशेष.

यानंतर १९७४ च्या विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सचा संघ आला. प्रशिक्षक रीनुस मिशेल्स आणि कर्णधार क्रायफ. या संघात कोण बचावपटू आणि कोण आघाडीवीर हे सांगणेच कठीण. एक पुढे गेला, की दुसरा त्याची जागा घेई. जगाने त्याला ‘संपूर्ण फुटबॉल’ म्हटले. पण आपण चेंडू नसतानाचा त्यांचा खेळ पाहू. बचावफळी मागे न हटता मध्यरेषेकडे सरके. मागे राहिलेला प्रतिपक्षाचा खेळाडू ऑफसाइड होई. त्यामुळे १०५ मीटरचे मैदान जणू ४० मीटरचे होऊन जाई आणि त्या पट्ट्यात चेंडूवाल्यावर दोघे-तिघे तुटून पडत.

४० × ६८ म्हणजे २७२० चौ. मीटर, माणशी २७२. इंटरच्या दाटीसाठी आपण वर मांडलेला ३५ मीटरचा पट्टा आठवा. हिशेब जवळजवळ तोच! दोघांनीही मैदान आखडलेच. फरक एवढाच, की इंटरने ते स्वतःच्या गोलपाशी आखडले आणि नेदरलँड्सने दूरवर, प्रतिपक्षाच्या अंगणात. म्हणून एकाला जगाने बचावात्मक म्हटले आणि दुसऱ्याला आक्रमक. नेदरलँड्सला चेंडू मिळे तो प्रतिपक्षाच्या गोलजवळ, हा फायदा. पाठीमागे अर्धे मैदान उघडे, हा धोका. इंटरचा फायदा-तोटा याच्या बरोबर उलट. फुकट काहीच नाही. अंतिम सामना मात्र नेदरलँड्सने पश्चिम जर्मनीविरुद्ध १-२ असा गमावला.

दुबळ्या संघाने काय करावे?

आता शाळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. समोरचा संघ आपल्यापेक्षा सरस आहे. तर आपण चढाई करावी की बचाव? बरेच जण म्हणतील, ‘हरायचेच आहे, तर लढून हरू.’ भावना ठीक आहे, पण संभाव्यता काय म्हणते?

समजा, समोरचा संघ आपल्या दुप्पट चांगला आहे. म्हणजे सामन्यात कोणताही गोल झाला, तर तो त्यांचा असण्याची शक्यता २/३ आणि आपला असण्याची १/३. सोंगट्यांचा फासा घ्या. १ किंवा २ पडले तर आपला गोल. ३, ४, ५, ६ पडले तर त्यांचा.

सामन्यात एकूण एकच गोल होणार असेल, तर आपण जिंकण्याची शक्यता १/३, म्हणजे १०० पैकी ३३.

तीन गोल होणार असतील, तर आपले निदान दोन हवेत. तिन्ही आपले : १/२७. नेमके दोन आपले : ६/२७. एकूण ७/२७, म्हणजे १०० पैकी २६.

पाच गोल झाले, तर ५१/२४३, म्हणजे १०० पैकी २१.

सात गोल झाले, तर ३७९/२१८७, म्हणजे १०० पैकी १७.

पाहिलेत? गोल जितके जास्त, तितकी दुबळ्याची आशा कमी. फासा थोड्याच वेळा टाकला तर नशीब लहरीपणा दाखवू शकते. पुष्कळ वेळा टाकला, की खरे बळ उघड होते. शिवाय एकही गोल झाला नाही, तर बरोबरी पदरात पडते ती वेगळीच. म्हणून दुबळ्या संघाने खेळ आखडून गोलांची संख्या कमी ठेवावी आणि सरस संघाने खेळ मोकळा करून संधींची संख्या वाढवावी, हे शहाणपण ठरते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे २००४ ची युरोपीय देशांची स्पर्धा. ग्रीसचा संघ जिंकेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ग्रीसने उपान्त्यपूर्व फेरीत फ्रान्सला, उपान्त्य फेरीत चेक प्रजासत्ताकाला आणि अंतिम सामन्यात यजमान पोर्तुगालला हरवले. तिन्ही सामन्यांत गोलफलक एकच होता : १-०!

मात्र या गणितात एक गृहीतक दडले आहे. मागे सरकल्यावरही २/३ आणि १/३ हे प्रमाण तसेच राहील, असे आपण धरले. संघ इतका मागे गेला, की त्याला चेंडू पुढे नेताच येत नाही, तर आपल्या गोलची शक्यता १/३ वरून १/१० वरही येईल आणि सगळा हिशेब कोलमडेल. लिस्बनमध्ये इंटरचे काहीसे असेच झाले. म्हणून बचाव करताना एक-दोन वेगवान खेळाडू पुढे ठेवणे, ही चैन नसून गरज आहे.

दोन गुण की तीन?

नियम करणाऱ्यांनाही हे गणित कळते. पूर्वी साखळी स्पर्धेत विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक गुण असे. सामना बरोबरीत आहे आणि शेवटची दहा मिनिटे उरली आहेत असे समजा. धोका पत्करून चढाई केली, तर जिंकण्याची शक्यता १/४, हरण्याचीही १/४ आणि बरोबरीची १/२. सरासरी गुण किती? २ × १/४ अधिक १ × १/२ म्हणजे १. स्वस्थ बसले तरी १ गुण मिळतोच. मग उगाच धोका का घ्या?

विजयाला तीन गुण केले, तर? ३ × १/४ अधिक १/२ म्हणजे १.२५. आता चढाई फायद्याची! इंग्लंडच्या लीगने १९८१ साली तीन गुणांची पद्धत सुरू केली. १९९० च्या विश्वचषक स्पर्धेत ५२ सामन्यांत ११५ गोल झाले होते, सामन्यामागे २.२१. १९९२ साली, साथीदाराने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाती धरण्यावर बंदी आली आणि १९९४ च्या विश्वचषक स्पर्धेत विजयाला तीन गुण देण्यात आले. त्या स्पर्धेत तेवढ्याच ५२ सामन्यांत १४१ गोल झाले, सामन्यामागे २.७१. सगळे श्रेय या दोन बदलांनाच द्यावे असे नाही. पण नियमाने खेळाडूचे धोरण बदलते, हे १९२५ प्रमाणे येथेही दिसून येते.

आपल्याकडची उदाहरणे

आपल्या देशातही या विषयाचे जाणकार होऊन गेले. भारतीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, व्यवसायाने शिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि चौथे स्थान मिळवले. त्या सामन्यात मूळ गोव्याच्या आणि मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले होते.

१९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत तर रहीम यांनी एक धाडस केले. जर्नेलसिंग हा संघाचा खंदा बचावपटू. त्याच्या डोक्याला जखम झालेली. रहीम यांनी उपान्त्य व अंतिम सामन्यात त्याला चक्क आघाडीला खेळवले! अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. त्यांतला एक गोल पी. के. बॅनर्जीचा होता आणि दुसरा जर्नेलसिंगचा.

तेव्हा ‘आक्रमण की बचाव?’ या प्रश्नाचे उत्तर आघाडीच्या आकड्यात सापडत नाही. जागा कोठे आखडायची आणि कोठे पसरायची, दुहेरी काम कोण किती वेळ करू शकेल, आणि समोरचा आपल्यापेक्षा सरस आहे की दुबळा, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावी लागतात. संघ निवडताना शिक्षकांनी आणि कर्णधारांनी हे प्रश्न विचारले, तर ज्याला नुसता ‘दणकट’ म्हणून मागे उभे केले जाते, त्या मुलाचे कामही डोक्याचे आहे, हे सर्वांना पटेल आणि त्यालाही.

करून पाहा

१. आलेखाच्या कागदावर १ सें.मी. = १० मीटर हे प्रमाण घेऊन मैदान काढा (१०.५ सें.मी. × ६.८ सें.मी.). दोन रंगांच्या पेन्सिलींनी ठिपके देऊन एका बाजूला २-३-५ आणि दुसऱ्या बाजूला ४-३-३ मांडा. जवळच्या साथीदारांना रेषांनी जोडा आणि प्रत्येक रचनेत किती त्रिकोण होतात ते मोजा.

२. १ सें.मी. = २ मीटर या प्रमाणात गोल काढा (३.६६ सें.मी.). गोलच्या मध्यासमोर ५.५ सें.मी. वर पेनल्टीचा ठिपका द्या आणि दोन्ही खांबांशी होणारा कोन कोनमापकाने मोजा. मग ठिपका बाजूला सरकवत जा आणि कोन कसा कमी होतो याचा तक्ता करा.

३. वर सांगितलेला फाशाचा खेळ वर्गात खेळा. अर्ध्या वर्गाने एका गोलाचे प्रत्येकी दहा सामने आणि अर्ध्याने सात गोलांचे प्रत्येकी दहा सामने खेळावेत. दुबळा संघ किती वेळा जिंकला ते फळ्यावर मांडा आणि वरच्या आकड्यांशी ताडून पाहा.

४. पुढचा सामना पाहाल तेव्हा पाच मिनिटे चेंडूकडे पाहूच नका! चेंडू ज्या संघाकडे नाही, त्याचा सर्वांत मागचा आणि सर्वांत पुढचा खेळाडू यांमधील अंतर अदमासाने टिपा. गोलरक्षक अर्थातच सोडून द्या. मध्यंतरानंतर, खेळाडू दमल्यावर, ते अंतर वाढते की कमी होते? आणि तसे का होत असावे?